बोटाला लागलेला गोऱ्हा

बादलीची कडी खणकली आणि माझं इतक्या वेळचं थोपटणं वाया गेलं. बाळाने डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ती वाजवली.

दारात आमची मोठी मुलगी, दुधाची बादली तशीच परत घेऊन. "आई, तो उठतच नाहीये."

तो म्हणजे गोठ्याच्या कोपऱ्यातला गोऱ्हा. आमच्याकडे कालवड झाली की सगळ्यांची धावपळ. दुधात बोट बुडवून तिच्या तोंडात द्यायचं, ती चोखू लागली की हात हळूहळू बादलीत न्यायचा. अशी ती प्यायला शिकते. गोऱ्ह्याला कोण शिकवतंय? तो पुढे दूध देणार नाही ना. पुढ्यात पाणचट दुधाची बादली ठेवायची, आणि नाही प्यायला तर चूक त्याची.

वासरं विकत घेणारा व्यापारी मागच्या खेपेला त्याला बघून गेला होता. "हा नको. गाडीत उभा राहायचा नाही. पुढच्या वेळी बघू."

"तोवर जगला तर," नवरा तेव्हा म्हणाला आणि धारा काढायच्या यंत्राकडे वळला.

मोठीचं ऐकून मी बाळाला सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"पोटचं रडतंय, आणि ही निघाली गोठ्यात," त्या म्हणाल्या. पण बाळाला घेतलं.

गोऱ्ह्याची जीभ थंडगार होती. बराच वेळ काहीच नाही. मग त्याने बोट असं ओढलं की माझाच पान्हा फुटला. ओला ब्लाउज पदराने झाकत मी मोठीला म्हटलं, "बघ, असं. आता तू दे."

त्यानंतर तिने दुसरं काही केलंच नाही. फ्रॉकला दुधाचा वास, केसांत वैरण, जेवायला चार हाका. गोऱ्हा उठला, धडपडला, तिच्या बोटामागे गोठाभर फिरायला लागला.

"याच्या बादलीत चांगलं दूध कोण ओततंय?" नवऱ्याने विचारलं.

"मी."

"तो जाणार आहे, माहितेय ना?"

"जाईपर्यंत उपाशी राहायचं, असा नियम आहे का?"

"तुझ्यापुढे बोलायची सोय नाही," तो म्हणाला. बादली मात्र हलवली नाही.

मी मनात ठरवलं होतं: निदान चारा खायला लागेपर्यंत त्याला ठेवून घ्यायचं. नवऱ्याशी नीट, शांतपणे बोलायचं. पण या घरात शांतपणे बोलायला मिळतंय कधी? बाळाला ताप आला, मग गाय विताना अडली, मग नवरा जेवता जेवता पेंगला. उद्या बोलू, उद्या बोलू म्हणता म्हणता गाडी दारात उभी.

व्यापाऱ्याने गोऱ्ह्याची हनुवटी उचलली. "हा तोच? ओळखू येईना की. चांगला सावरलाय. घेतो."

"थोडे दिवस राहू दे ना," मी नवऱ्याला म्हटलं. इतके दिवस जुळवलेल्या बोलण्यातून एवढंच निघालं.

"अगं, आता तर तो जाण्याजोगा झालाय," तो म्हणाला. वर कौतुकाने, "चांगलं पाजलंत तुम्ही दोघींनी."

टोमणा मारला असता तर मी भांडले तरी असते.

दुसऱ्यांची वासरं ढकलून चढवली होती. याला ढकलावं लागलं नाही. व्यापाऱ्याने नुसतं बोट पुढे केलं. गोऱ्ह्याने ते तोंडात घेतलं आणि चोखत चोखत, शेपटी हलवत, फळीवरून वर चढला.

"शहाणा आहे," व्यापारी म्हणाला.

गाडी वळली. आत बाळ रडायला लागलं, सासूबाईंनी हाक मारली, यंत्र सुरू झालं. मोठी आपलं बोट फ्रॉकला पुसत होती, पुन्हा पुन्हा, कोरडं झालं तरी.

"आई," ती म्हणाली, "आपण त्याला शिकवलं नसतं, तर तो इथेच राहिला असता का?"