तीनशे बारा गाठींचे नाव

ताईच्या थायरॉईड ग्रंथीचा डावा अर्धा भाग गाठीसकट काढून पंधरा दिवस झाले होते आणि उरलेला उजवा भाग येत्या सोमवारी काढायचा ठरला होता. कारण एका यंत्राने त्या गाठीच्या प्रतिमा पाहून ‘कर्करोग’ असा शब्द छापला होता. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. शाळेत गणित शिकवते. तिने तो शब्द वाचला, कागदाची नीट घडी घातली आणि उत्तरपत्रिका तपासायला बसली. संतापण्याचे काम तिने नेहमीप्रमाणे माझ्यावर सोपवले.

मी वाचू लागलो. तिसऱ्या दिवशी जे हाती लागले ते असे: स्वतःच्या आवरणात शहाण्यासारख्या बसून राहिलेल्या, बाहेर कुठेही न घुसलेल्या अशा गाठीला कर्करोग म्हणणे वैद्यकाने तीन वर्षांपूर्वीच सोडून दिले होते. नवी मार्गदर्शक तत्त्वे निघाली होती, त्यांवर परिसंवाद झडले होते, त्यांतल्या एकाचे अध्यक्षपद आमच्याच रुग्णालयाच्या संचालकांनी भूषवले होते. फक्त त्यांच्या यंत्राला कोणी कळवले नव्हते. ते जुन्या निदानांवर शिकले होते आणि जुनेच निदान एका सेकंदात, अढळ निष्ठेने, देत होते. प्रवेशद्वाराशी मात्र ‘सदैव अद्ययावत’ असा फलक होता. तो दोनदा वाचून मी प्रयोगशाळेत शिरलो.

तिथे मेणाचा आणि स्पिरिटचा वास होता. यंत्र सांभाळणारा इंजिनियर भला माणूस निघाला. यंत्र ज्यांवर शिकले त्यांत अशा तीनशे बारा गाठी होत्या. एका आज्ञेत त्यांचे नाव बदलता येईल, दोन दिवसांत यंत्र नव्याने शिकेल आणि शुक्रवारी ताईचा अहवाल बदलून मिळेल, असे त्याने सांगितले. मग थांबलात कशासाठी, असे मी विचारले. त्याने मानेनेच खिडकीकडे खूण केली. बाईंची सही लागत होती.

खिडकीशी बसलेल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंना माघारी सगळे भिंगबाई म्हणत. पडद्यावरच्या चित्रावर त्यांचा भरवसा नसे. मूळ स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली घातल्याशिवाय त्या ‘हं’सुद्धा म्हणत नसत. माझे भाषण त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. त्यात तीन संदर्भ होते.

“वाचलंत ते बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “पुढचं पान उलटलं नाहीत एवढंच. नव्या नावाला अट आहे. गाठीचं आवरण सगळं पाहिलेलं हवं, चारी बाजूंनी. पूर्वी आम्ही पाच-सहा तुकडे पाहून पुरे म्हणायचो. फुटलेलं असो नसो, नाव एकच होतं, मग शोधतंय कोण?”

“बाई, नावच तर बदलायचंय,” इंजिनियर म्हणाला.

“बदलू की. गाठीला विचारून बदलू.”

ताईचा गळा दोन तत्त्वचिंतकांच्या मध्ये लोंबकळतो आहे, असे मला वाटले आणि सोमवारचे काय, हे मी शक्य तितक्या थंडपणे विचारले. आज मंगळवार आहे, असे बाईंचे उत्तर आले. ताईचा अहवाल यंत्राकडून परस्पर गेला होता, बाईंपर्यंत पोचलाच नव्हता. पण गाठीचा उरलेला भाग अजून फॉर्मॅलिनच्या बरणीत शाबूत होता.

तो आबांनी मेणात बसवला. आबा म्हणजे तिथले निवृत्तीला आलेले टेक्निशियन. केसाहून कितीतरी पातळ काप ते पात्यावरून उतरवत, कोमट पाण्यावर तरंगवत आणि काचेवर अलगद उचलून घेत. आधीच्या धरून सत्तावीस स्लाइड झाल्या. मला कोपऱ्यात स्टूल मिळाले, तोंड उघडायचे नाही या अटीवर. अट आबांची होती.

बाई त्या आवरणाच्या कडेकडेने, हद्दीचा एकेक खुंट तपासणाऱ्या मोजणीदारासारख्या फिरत होत्या. मधल्या वेळात इंजिनियरने दबक्या आवाजात मला एक वही दाखवली. जुन्या तीनशे बारा गाठी बाई गेले आठ महिने जेवणाच्या सुट्टीत एकट्याने पुन्हा पाहत होत्या. अठ्ठ्याऐंशींचे आवरण पूर्ण पाहिलेले होते आणि अखंड होते. नऊ जणांचे फुटलेले निघाले; एका आज्ञेने तेही निरुपद्रवी ठरले असते. त्या नऊ जणांच्या डॉक्टरांना बाईंनी स्वतः फोन केले होते. उरलेल्या दोनशे पंधरांपुढे एकच शेरा होता: पाहणी अपुरी. यंत्राला नव्याने शिकवा, असे त्यांनी संचालकांना तीनदा लिहिले होते. तिन्ही पत्रांची पोच आली होती. उत्तर आले नव्हते. ज्ञानाच्या इतिहासावर मी दोन ग्रंथ लिहिले आहेत. या वहीच्या तोडीचे पान त्यांत नाही.

शुक्रवारी दुपारी बाविसाव्या स्लाइडवर बाई थांबल्या. भिंग बदलले. पुन्हा बदलले. आवरणाची रेघ एके ठिकाणी पुसट झाली होती. त्यांनी आबांना तोच मेणाचा ठोकळा आणखी खोल कापायला सांगितला आणि तोवर उरलेल्या पाच पाहून घेतल्या. मी स्टुलाची कड धरून बसलो होतो. अट मोडण्याइतका श्वासही माझ्याकडे नव्हता. नवा काप आला. बाईंनी तो बराच वेळ पाहिला.

“पातळ झालंय. फुटलेलं नाही,” त्या म्हणाल्या आणि अहवालावर सही केली. मग इंजिनियरकडे वळल्या. “यांच्या ताईंचं नाव बदला. त्या अठ्ठ्याऐंशींचंही. आणि यंत्राला तिसरं उत्तर शिकवा: माहीत नाही, सगळं आवरण दाखवा.”

“संचालकांना नाही आवडायचं. माहीत नाही म्हणणारं यंत्र कुणाला हवंय?”

“ज्याची मान आहे त्याला.”

इंजिनियरने वही जवळ ओढली आणि पहिल्या गाठीपासून एकेक शेरा यंत्रात भरायला घेतला.

मी बाहेर येऊन ताईला फोन लावला. शस्त्रक्रिया रद्द झाल्याचे तिला सांगितले. मग बाईंनी किती स्लाइड पाहिल्या, असे तिने विचारले. सत्तावीस, आणि त्यांतली एक पुन्हा कापून, असे मी सांगितले.

“मग ठीक आहे,” ताई म्हणाली. “कर्करोग नाही, हे तू मंगळवारीच तर सांगत होतास. पण तुझं आपलं वाचलेलं होतं रे.”