दोन टाके टाकून दे

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पुस्तकात माझ्यासारखीला शिवणयंत्र म्हणतात. पण भिलाईतल्या हुडको वसाहतीतल्या आमच्या घरात कोणी हा शब्द उच्चारला, तर कुणी पाहुणे आले की काय म्हणून मीच दाराकडे बघेन. घरात मला सगळे 'मशीन' म्हणतात आणि शेवंताबाई त्यांच्या बोलीत 'माही मशीन', म्हणजे माझी मशीन, म्हणतात. त्यातला 'माही' मला फार आवडतो.

माझं अंग काळं आणि त्यावर सोनेरी वेलबुट्टी. ती आता जागोजागी पुसली गेली आहे, पण ते शेवंताबाईंच्या तळव्यामुळे झालं, म्हणून मला त्याचं वाईट वाटत नाही. मला घरी आणलं त्यांच्या नवऱ्याने, कवडूजींनी. भंडाऱ्याकडचं गाव सोडून ते स्टील प्लांटमध्ये लागले होते. प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरच्या ओसरीत त्यांनी मला ठेवलं आणि बायकोला म्हणाले, तुझ्या पायाला चाळा हवा ना, हे घे पायडल. तेव्हापासून शेजारणींचे परकर, पोरांच्या शाळेच्या चड्ड्या, साड्यांचे फॉल असं काय काय माझ्या सुईखालून गेलं. ओसरीत बायका बसायच्या, बोलायच्या आणि शेवंताबाईंच्या टिपेची स्तुती करायच्या. स्तुती त्यांची होत असे, फुगायची मी.

पुढे कवडूजी रिटायर झाले, कुटुंब हुडकोत राहायला आलं, आणि काही वर्षांनी कवडूजी गेले. शेवंताबाईंचे गुडघे बसले, नजरही अंधुक झाली. माझ्यावर लाकडी झाकण पडलं आणि त्या झाकणावर लोणच्याची बरणी, टीव्हीचा रिमोट, औषधांची पिशवी. एकेकाळी जिच्यासमोर बायका रांग लावून बसायच्या ती मी टेबल झाले. रुसून काय करणार? रुसलेली मशीन आणि गप्प बसलेली मशीन दिसायला सारखीच.

मग एके दिवशी बरणी उचलली गेली. नात पायल, दुर्गच्या कॉलेजात शिकणारी, तिला आपले कपडे आपणच शिवायचा शौक लागला होता. मोबाइलवर बघून ती शिकायची. तिने शिवलेला पहिला उशीचा अभ्रा मला आठवतो. चारही बाजूंनी तिने सरळसोट टीप मारली आणि मग उशी कुठून घालायची ते शोधत बसली. पहिल्या कुर्त्याच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. शेवंताबाई खाटेवर पडल्या पडल्या हसायच्या, पण शिकवायच्याही. कापडाला हात लावून सांगायच्या, इथं ओढलं गेलंय, इथं दाबलं गेलंय. पायल उसवायची आणि पुन्हा शिवायची. मित्रांनो, खरं सांगते, इतक्या वर्षांनी अंगात तेल पडलं की कसं वाटतं ते तुम्हाला नाही कळायचं.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. शेवंताबाईंनी पेटी उघडून जुने कपडे निवडायला घेतले. आमच्या घरात तेव्हा एक नवी रीत पडली होती. जुनं कापड दिसलं की शेवंताबाई म्हणायच्या, 'टाकून दे', म्हणजे पायलच्या सरावाच्या गाठोड्यात टाक. त्या दुपारीही तसंच चाललं होतं. ही चादर टाकून दे, हा परकर टाकून दे. पायल माझ्यासमोर बसून एका कानात वायर घालून गळा कसा कापायचा ते बघत होती आणि दुसऱ्या कानाने आजीला 'हां आजी, हां आजी' म्हणत होती. मग शेवंताबाईंनी पेटीच्या तळातून एक पांढरं लुगडं काढलं, त्याची कड बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, "याची कड उसवली वं पायल. दोन टाके टाकून दे."

मी पूर्ण ऐकलं. पायलने शेवटचे दोन शब्द ऐकले.

ते लुगडं काय होतं, हे तिला माहीत नव्हतं आणि त्यात तिचा फारसा दोषही नाही. कवडूजी होते तोवर ती दोघं दरवर्षी दसऱ्याला दुर्गहून गाडी पकडून नागपूरला दीक्षाभूमीवर जायची. दोघंही पांढऱ्या कपड्यांत. हे लुगडं कवडूजींनी त्यांच्या शेवटच्या फेरीत तिथल्याच बाजारातून घेतलं होतं. गुडघे गेल्यापासून शेवंताबाईंचं जाणं थांबलं आणि लुगडं पेटीच्या तळाशी गेलं. पायल लहानपणी घरीच राहायची. दसरा म्हणजे तिच्यासाठी सेक्टरमधला मेळा आणि रावण. तिला ते एक साधं, मऊ सुती कापड दिसलं. असा कपडा आजकाल मिळतो कुठे, असं स्वतःशीच हिंदीत म्हणत तिने ते जमिनीवर पसरलं.

पदराच्या बाजूने तिने कुर्त्याचा पुढचा भाग कापला, मग मागचा, मग बाह्या. या वेळी एक उजवी आणि एक डावी, अगदी नीट. गळ्याचा गोल तुकडा तिने चिंध्यांत फेकला आणि तो त्याच दिवशी कचऱ्याच्या गाडीत गेला. तिचा हात तेव्हा छान चालला होता, हे मला सांगावंसं वाटत नाही, पण तसंच होतं.

संध्याकाळी तिने पहिली टीप मारायला पाय पायडलवर ठेवला. इकडे शेवंताबाई सुनेशी, म्हणजे पायलच्या आईशी, अनुजाशी बोलत होत्या. या वर्षी काही झालं तरी नागपूरला जाणार, गुडघे दुखले तर दुखू देत, ह्यांनी घेतलेलं लुगडं नेसून एकदा जाऊन येते. पायलला दिलंय, कड शिवून ठेवेल. पायलचा पाय जागच्या जागी थांबला. माझी सुई कापडावर टेकायच्या बेतात होती, ती तशीच वर राहिली.

नंतर पायलने जे केलं ते कोणीही घाबरलेलं पोर करतं. तिने सगळे तुकडे आणि उरलेलं लुगडं गोळा केलं, माझ्या डोक्यावर कोंबलं आणि वरून झाकण लावलं. कापड हलकं होतं. तरी ते अंगावर घेऊन बसणं मला जड गेलं, कारण आता लपवण्यात मीही आले होते.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाईंनी विचारलं, शिवलं का. पायल म्हणाली, फॉल-पिकोवाल्याकडे दिलं. घरात मशीन असताना बाहेर कशाला, असं त्यांनी विचारल्यावर तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मशीन बिघडली ना आजी. चलतीच नाही."

मी बिघडले! नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणतात, पण इथे तर अंगण सपाट होतं आणि नाचणारीला नाचताही येत होतं. मला राग आला. पण मग तिचा चेहरा दिसला आणि राग टिकला नाही. त्या दिवसापासून ती धड जेवेना. आजीने नुसतं 'वं पायल' म्हटलं तरी दचकायची. चोराच्या मनात चांदणं. मोबाइलवर ती आता गळा-बाही बघत नव्हती. फाटलेली साडी कशी जोडावी, कापलेलं कापड दिसू न देता कसं शिवावं, हेच बघायची आणि बंद करायची. तिचा शौक तिच्याच अंगाशी आला होता. रोज शेवंताबाई विचारायच्या, आलं का लुगडं, आणि रोज ती म्हणायची, उद्या देणार आहे.

तिला वाटत होतं, दसरा येईपर्यंत काहीतरी सुचेल. पण तिला एक गोष्ट सुचली नव्हती. मशीन बिघडली हे ऐकून शेवंताबाई स्वस्थ बसतील कशा?

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. शेवंताबाई खाटेवरून उठल्या, भिंतीला धरत धरत माझ्यापर्यंत आल्या आणि स्टुलावर बसल्या. हातात तेलाची कुप्पी होती. माझ्या झाकणावर हात फिरवत म्हणाल्या, काय झालं वं तुला, माझ्याआधी तूच थकली का. मित्रांनो, तेव्हा मला कोणी वाचा दिली असती तर मी काय केलं असतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांनी झाकण उचललं आणि कापड त्यांच्या मांडीवर सांडलं.

नजर अंधुक, पण बोटं शाबूत. एका तुकड्याची कड त्यांनी चाचपली, मग दुसऱ्याची. गळ्याच्या गोलावरून त्यांचं बोट हळूहळू फिरलं आणि पुन्हा एकदा फिरलं. त्यांनी माझं चाक फिरवून बघितलं. सुई खाली गेली, वर आली, अगदी सुरळीत. म्हणजे दोन्ही खोट्या गोष्टी त्यांना एकाच वेळी कळल्या. रडल्या का, असं विचाराल तर हो, रडल्या. मग पदराने तोंड पुसून त्यांनी एकेका तुकड्याची घडी घातली. मोठ्या तुकड्यांवर लहान, बाह्या जोडीने, वर उरलेलं लुगडं. तो नीट घडीचा गठ्ठा माझ्या डोक्यावर ठेवून त्यांनी झाकण लावलं आणि खाटेवर जाऊन पडल्या.

संध्याकाळी पायल आली. रोजच्यासारखं तिने कोणी बघत नाही ना ते बघून झाकण उचललं. तिने कोंबलेलं कापड घडी घालून ठेवलेलं होतं, आणि अशी घडी घरात एकच माणूस घालायचं.

ती तिथेच उभी राहिली. खाटेवर शेवंताबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, पण झोपल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी 'लुगडं आलं का' असं विचारलं नाही. पायलला तेच सहन झालं नाही असं मला वाटतं. तो गठ्ठा छातीशी धरून ती खाटेच्या कडेला जाऊन बसली.

"आजी, मले लगा तू टाकून दे म्हनली," ती म्हणाली.

"म्हनलंच होतं," शेवंताबाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "पन त्याच्या आदी 'दोन टाके' म्हनलं होतं. तुवा अर्धंच आयकलं."

पायल रडायला लागली. नवीन साडी आणते, अगदी तशीच आणते, असं काहीतरी हिंदी-मराठीत बोलत राहिली. शेवंताबाईंनी तिला बोलू दिलं. मग कूस वळवली.

"कापल्याचं दुखलं मले, खोटं कावून बोलू? त्याईच्या हातचं होतं ते. पन कापड हाय, कापल्या जाते. तू मशीन बिघडली म्हनून कावून सांगतलं? घरी बसून मी तिच्यासाठी झुरत होती, अन् तू रोज माह्या तोंडाकडं पाहून खोटं बोलून राहिली होती."

माझ्यासाठी कोणी झुरलं, हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता, पण त्या घरात त्या वेळी कोणालाच आनंद होण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघी माझ्यापाशी बसल्या. पायल पायडलवर, शेवंताबाई स्टुलावर कापड धरून. तुकडे जसे होते तसे त्यांनी जमिनीवर लावून घेतले. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून टीप कशी घालायची, हे त्यांनी पायलच्या बोटांवर बोटं ठेवून दाखवलं. पायलने पांढरा धागा ओवला होता, जोड दिसू नये म्हणून. शेवंताबाईंनी डोळे बारीक करून तो बघितला आणि म्हणाल्या, "हा काढ. लपवनं लई झालं. तुह्या जीन्सचा निळा टाक."

पायलने निळा धागा ओवला. पांढऱ्या कापडावर प्रत्येक जोडाची रेघ लांबून दिसत होती. मी इतकी सरळ टीप आयुष्यात कमी वेळा मारली असेल. तरी मी सांगते, कापलेलं कापड पुन्हा पूर्ण होत नाही. गळ्याचा गोल तुकडा गेला तो गेलाच. तेवढा भाग काढून टाकावा लागला आणि पदर आखूड झाला. डोक्यावरून घ्यायला तो पुरेना. शेवंताबाईंनी तो खांद्यावरच खोचला.

दसऱ्याला त्या नागपूरला गेल्या आणि पायललाही सोबत नेलं. परत आल्यावर पायल आपल्या आईला सांगत होती, ते मी ऐकलं. गाडीत शेजारच्या बाईने विचारलं, लुगड्यावर या निळ्या रेघा कसल्या. आजी म्हणाली, माह्या नातीनं शिवलं. बस, एवढंच. बाई म्हणाली, पोरीचा हात चांगला आहे. पायल आईला म्हणाली, आजीने तिथेच सगळं सांगून टाकलं असतं ना, तर मला बरं वाटलं असतं. अनुजाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भाकरी थापायला गेली.

पायल अजून शिवते. आता तिच्या बाह्या चुकत नाहीत, गळाही बसतो. पण कापड पसरलं की ती कानातली वायर काढते, कात्री हातात घेऊन थांबते आणि खाटेकडे तोंड करून विचारते, "आजी, कापू का?" कापड कालच दुकानातून आणलेलं नवं कोरं असलं, तरीही विचारते. शेवंताबाई हसत नाहीत. हात लांब करून कापड चाचपतात आणि मग म्हणतात, "काप."

हल्ली त्यांना ऐकायला कमी येतं, झोपही फार लागते. कधी कधी उत्तर यायला वेळ लागतो. पायल तोवर कात्री उघडत नाही, आणि मीही सुई वर धरून थांबते. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, तेल घातलं की पुन्हा चालते. माझी काळजी सवडीने घेतलीत तरी चालेल. पण तुमच्या घरात 'काप' म्हणणारं माणूस अजून असेल, तर त्याला आज विचारा, आणि त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबा.