सही न करणारे तिघे

सेनादा हाजिचने गेल्या वर्षीची परीक्षा लबाडीने जिंकली, असं मेरिट कोबर्नचं ठाम मत होतं. आणि मेरिटचं मत एकदा ठाम झालं की ते हलवायला बैलजोडी लागे, हे सगळ्या नॉर्थ हार्लोला ठाऊक होतं.

परीक्षा म्हणजे शाळेतली नव्हे. दर जूनमध्ये झेंडा दिनाला शेतकरी मंडळाच्या हॉलमध्ये गाव जमतं. ज्यांना हौस आहे ते ओळीने उभे राहतात आणि देशाच्या इतिहासावर, संविधानावर, कोणत्या खात्याचं काम काय यावर एकेकाला प्रश्न विचारले जातात. चुकला तो खाली बसला. शेवटी जो उभा राहील त्याला बक्षीस एकच. चार जुलैला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, बँडच्या चौथऱ्यावर चढायचं आणि सगळ्या गावासमोर स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचायचा. हा मान मेरिटने सलग अकरा वर्षं भोगला होता. चाऱ्याचं आणि बियाण्याचं दुकान त्याने विकलं, गुडघे गेले, कानही जायला लागले, पण चार जुलैची ती पंधरा मिनिटं त्याची होती. त्या पंधरा मिनिटांवर तो उरलेलं वर्ष काढायचा.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्याची बायको हेझल गेली. यंदा उभा राहू नकोस, असं लोकांनी सुचवून पाहिलं. तो हट्टाने उभा राहिला. शेवटी दोघंच उरले, मेरिट आणि लोणी-चीजच्या कारखान्यात काम करणारी ही बोस्नियाची बाई. नागरिक होऊन तिला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. प्रश्न आला, संविधान पुरं झालं त्या दिवशी सभागृहात हजर असूनही ज्यांनी सही केली नाही, ते तिघे कोण? मेरिटला एक नाव आठवलं, दुसरं जिभेवर आलंच नाही. तो खाली बसला. सेनादाने तिन्ही नावं किराणा सामानाची यादी सांगावी तशी सांगून टाकली. मेसन, रँडॉल्फ, गेरी.

चार जुलैला तिने जाहीरनामा वाचला तेव्हा बायका डोळे पुसत होत्या. अकरा वर्षांत मेरिटच्या वाचनाला कुणी डोळे पुसले नव्हते. हे त्याला फार लागलं, आणि लागलं हे कबूल करण्यापेक्षा संशय घेणं सोपं होतं.

मग पुरावे आपोआप सापडत गेले. असा प्रश्न कुणाला येतो? ज्याला आधी सांगितलाय त्याला. आधी सांगणार कोण? प्रश्नांचं बंद पाकीट ज्याच्या ताब्यात असतं तो. म्हणजे गावाची कारकून आर्लीन. आणि आर्लीनच्या दारात सेनादाची निळी गाडी मेरिटने या वसंतात चार वेळा पाहिली होती. एकदा तर सेनादाच्या हातात कापडाने झाकलेली परातही होती.

"पालकाची पोळी असते ती," नाश्त्याच्या टपरीवर त्याचा जुना मित्र क्लाइड म्हणाला. "थरावर थर. मलाही दिली होती एकदा. मग काय, मीही फुटलो म्हणायचं का?"

"तुझ्याकडे फुटण्यासारखं आहे काय?"

"ते खरंय. पण मेरिट, लेका, अकरा वर्षं तू जिंकत होतास तेव्हा कुणी पराती मोजल्या नाहीत."

"मी अभ्यासाने जिंकत होतो."

"अभ्यास कधी करायचास? दुकानात तर गिऱ्हाइकाला उभं करून झोपायचास."

मेरिटने कॉफीचा कप पुढे ओढला. क्लाइडही त्यांना सामील आहे की काय, हा किडा त्याच्या डोक्यात वळवळला आणि कॉफी संपेपर्यंत तिथेच राहिला.

परीक्षेच्या आधीच्या सोमवारी तो अर्ज घेऊन गावाच्या कचेरीत गेला. मागणी सरळ होती. गेल्या वर्षीचा निकाल रद्द करावा, विजेत्यांच्या फळीवरून सेनादाचं नाव खोडावं आणि तिला पुन्हा उभं राहू देऊ नये. अर्ज आर्लीनच्या हातात पडला की गुरुवारी गावाच्या पंचांपुढे जाणार होता. तीन पंचांपैकी दोघं मेरिटच्या दुकानाचे जुने उधारीवाले, त्यामुळे निकालाची त्याला फारशी धास्ती नव्हती.

आर्लीन आणि तो एका वर्गात शिकलेले. तिने चष्मा नाकावर खाली ओढून अर्ज वाचला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, तिसरं नुसतं उलटलं.

"यात मी चोर आहे असं लिहिलंयस तू."

"तसा शब्द वापरलेला नाही."

"'कुंपणच शेत खात असेल तर' असं लिहिलंयस. ते कुंपण कोण? मीच ना?"

"ती तुझ्या घरी कशाला येते, ते सांग."

"तिच्या आईला इकडे आणायचंय. कागद भरायला मदत करते मी. कचेरीच्या वेळेत ती कारखान्यात असते." आर्लीनने चष्मा काढला. "आणि प्रश्नांचं पाकीट मी परीक्षेच्या दिवशी, सगळ्यांसमोर फोडते. तोवर ते आतल्या तिजोरीच्या खोलीत असतं. प्रश्न मलासुद्धा माहीत नसतात, मेरिट."

"मग काढणाऱ्याला माहीत असतात. कोण काढतं ते सांग."

"ते सांगता येत नाही, तुला ठाऊक आहे. काढणारा जिवंत असेपर्यंत त्याचं नाव माझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही. नाहीतर लोक त्याच्या दाराशी ठाण मांडतील. तुझ्यासारखे."

मेरिट याच वाक्याची वाट पाहत होता. त्याने काठी टेबलावर आडवी ठेवली.

"नाव नको सांगूस. पाकिटं दाखव. आधीच्या वर्षांची आणि गेल्या वर्षीची. आधीचे प्रश्न कसे असायचे? सरळ, देशावर प्रेम असलेल्या माणसाने काढलेले. गेल्या वर्षीचा तो शेवटचा प्रश्न त्या जातीचा नव्हता. कुणीतरी माणूस बदललाय, आणि मला हरवण्यासाठीच बदललाय. शेजारी शेजारी ठेवले की पोरही सांगेल."

आर्लीनने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असेल असं त्याला वाटलं होतं. तो नव्हता, आणि त्यामुळे त्याचा संशय आणखी वाढला.

"मेरिट, घरी जा," ती म्हणाली. "अर्ज घेऊन जा. मी वाचलाच नाही असं समजेन."

"का? घाबरलीस?"

"हो. पण माझ्यासाठी नाही."

"पाकिटं आण, आर्लीन. नाहीतर पंचांपुढे आणावी लागतील."

ती उठली. लोखंडी दार करकरलं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात दोरीने बांधलेला गठ्ठा होता. "आता तसंही सांगायला हरकत नाही," ती हळूच म्हणाली, "नियमाप्रमाणे." तिने सगळ्यात वरचं, गेल्या वर्षीचं पाकीट काढून त्याच्यापुढे सरकवलं आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

आत लहान जाड कार्डं होती. लोणच्याची, केकची कृती लिहून ठेवायला बायका वापरतात ती. निळी शाई. उजवीकडे कलणारं अक्षर, आणि प्रश्नचिन्हाखाली टिंबाऐवजी बारीकसं वर्तुळ.

हे वर्तुळ मेरिटने एक्केचाळीस वर्षं पाहिलं होतं. दूधवाल्याच्या चिठ्ठीवर, फ्रिजच्या दारावर, दुकानात पाठवलेल्या डब्यातल्या कागदावर. 'संध्याकाळी लवकर येशील का?'

त्याने दुसरं पाकीट उघडलं, मग तिसरं. मग दोरीच सोडली. बाराच्या बारा वर्षांचे प्रश्न हेझलने काढले होते.

आणि एकेक कार्ड त्याच्याशी बोलायला लागलं. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती दोघंही गेले तर पुढे कोण? हे तिने त्याला उकडलेल्या अंड्याचं टरफल सोलता सोलता विचारलं होतं. सिनेटर किती वर्षांसाठी निवडतात? हे बाहेर बर्फ उपसताना. लुइझियाना कुणाकडून घेतला, रे? हे तर चर्चमधून येताना गाडीत. दर वर्षी फेब्रुवारी उजाडला की हेझलला असलं काहीतरी विचारायची हुक्की यायची. थंडीत माणूस घरात कोंडला की वेळ जात नाही, म्हणून विचारत असेल, असं तो समजायचा. उत्तर येत असेल तर तो तिथेच सुनवायचा. येत नसेल तर "दुकानात काम आहे" म्हणून निघायचा, मागच्या खोलीतला ज्ञानकोश उघडायचा आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला जन्मापासून ठाऊक असल्यासारखं सांगायचा. ती दर वेळी चमचा थांबवून म्हणायची, "अस्सं होय."

मित्रांत तो सांगायचा, हेझल मनाने सोनं आहे, पण इतिहासात भोपळा. शाळेतलं काही म्हणता काही राहिलेलं नाही डोक्यात. हे त्याने तिच्यासमोरही सांगितलं होतं. एकदा नाही, अनेकदा. ती सगळ्यांबरोबर हसायची. ते हसणं त्याला आता पुन्हा ऐकू आलं.

"तुला ठाऊक होतं," तो आर्लीनच्या पाठीला म्हणाला.

"पाचव्या वर्षी शंका आली. मी तिला विचारलं, हेझल, त्याला सगळं कसं येतं? ती म्हणाली, मी त्याला एक उत्तर सांगितलेलं नाही, शपथेवर सांगते. मला येत नाही म्हणते, तोच मला सांगतो." आर्लीन वळली. "प्रश्न काढणाऱ्याने स्वतः उभं राहायचं नाही, एवढाच नियम आहे. घरच्यांचं लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं. चूक माझी आहे, मी गप्प बसले. चौथऱ्यावरून उतरलास की महिनाभर तू माणसात असायचास, असं ती म्हणायची."

मेरिटच्या हातात अजून गेल्या वर्षीचं शेवटचं कार्ड होतं.

"हे तिने कधी दिलं?"

"मार्चमध्ये. गावसभेच्या दिवशी. स्वतः आली होती, दोनदा बाकावर बसावं लागलं तिला."

मार्च. त्याला ती सकाळ आठवली. ओटची लापशी तिच्यापुढे तशीच होती. ती म्हणाली होती, "मेरिट, संविधानावर सही न करणारे ते तिघे कोण, रे?" त्याला येत नव्हतं. दुकान विकलेलं होतं, मागची खोली नव्हती, ज्ञानकोश माळ्यावरच्या खोक्यात होता. तो म्हणाला होता, "आधी गोळ्या घे. जन्म गेला, तरी तुला काही येत नाही." तिने गोळ्या घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. तेव्हा त्याने टीव्हीचा आवाज वाढवला होता.

लबाडी झाली होती, यात त्याचं काही चुकलं नव्हतं. अकरा वर्षं झाली होती. फक्त गेल्या वर्षी झाली नव्हती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मेरिटने तर तीन पानी वळसा घातला होता. ती पानं त्याने घडी करून कोटाच्या खिशात ठेवली. कार्डांचा गठ्ठा मात्र आर्लीनने परत मागितला, कारण तो गावाचा होता. एक कार्ड कमी भरलं, तेही तिने मोजलं नाही.

शनिवारी हॉलच्या दारात नावं लिहून घ्यायला, रिवाजाप्रमाणे, गेल्या वर्षीची विजेती बसली होती. अर्जाची कुणकुण सेनादाच्या कानावर गेलेलीच होती. एवढ्याशा गावात शिंक लपत नाही, अर्ज कसा लपणार? तिने वही त्याच्याकडे फिरवली, पण पेन हातातच ठेवलं.

"नाव लिहिणार, मिस्टर कोबर्न?"

"नाही. यंदा मी बाकावर बसणार."

तिचे डोळे बारीक झाले. "का? आता काय नवीन काढलंत?"

"काही नाही."

"पंचांकडे गेला होतात ना? सगळे सांगतात. मला विचारायचं होतं तर मला विचारायचं. आर्लीनला कशाला त्रास?"

मागे रांग उभी होती. क्लाइड मान लांब करून ऐकत होता. तरी मेरिट हलला नाही.

"बरं, तुम्हाला विचारतो," तो म्हणाला. "ते तिघे. तुम्हाला कसे माहीत होते?"

सेनादाने त्याला नीट न्याहाळलं. यात खोच कुठे आहे, ते ती शोधत होती. मग खांदे उडवून ती सांगू लागली.

"नागरिक होताना परीक्षा असते. शंभर प्रश्न देतात, त्यातले दहा विचारतात. माझा विश्वास नव्हता. मला वाटलं, हे शंभर देतील आणि विचारतील भलतंच, आणि मग म्हणतील जा परत. आमच्याकडे तसंच करायचे. म्हणून मी लायब्ररीतली सगळी पुस्तकं वाचली. दोन हिवाळे. चीजचे साचे धुताना पाठ करायचे. शेवटी त्या साहेबाने सहा प्रश्न विचारले, सहाही बरोबर आले, तर म्हणाला, बास, झालं. उरलेले चारसुद्धा विचारले नाहीत. ते सगळं माझ्या डोक्यात तसंच पडून राहिलं. कुणी विचारलंच नाही कधी. मग इथे एकदम कुणीतरी विचारलं." तिने पेन वहीवर ठेवलं. "ज्याने तो प्रश्न काढला, त्याचे मला आभार मानायचे होते. पण नाव सांगत नाहीत म्हणे."

मेरिटचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. तिथे एक जाड कार्ड होतं. तो हात तिथेच राहिला.

"त्या तिघांनी सही का केली नाही, हेही वाचलंय मी," सेनादा म्हणाली, अजून थोडी सावध. "तुम्हाला माहीतच असेल."

तो तोंड उघडणार होता. अकरा वर्षांची सवय होती. पण त्याने काठी भिंतीला टेकवली आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढली.

"नाही," मेरिट म्हणाला. "मला येत नाही. सांगा."

ती सांगू लागली. मागची रांग कुरकुरली, क्लाइड खोकला, आत कुणीतरी घंटा वाजवली. मेरिट तिचं बोलणं संपेपर्यंत बसून होता. मग त्याला काहीतरी म्हणायचं होतं, आणि जे एक वाक्य त्याने आयुष्यभर ऐकलं होतं तेच तोंडून आलं.

"अस्सं होय," तो म्हणाला.