दर्याकडची बाजू

वसुताईंनी ट्रेलरच्या पत्र्यावर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक केली, बाजारात कलिंगड वाजवून बघावं तशी. कान देऊन ऐकलं. मग हात कुर्त्याला पुसत म्हणाल्या,

“कच्चं आहे.”

“कच्चं कसं?” शांतारामने पाना खाली ठेवला. “चांगला जाड पत्रा आहे, ताई. खाली टेम्पोचा अ‍ॅक्सल आहे. आपण दोघं गेल्यावरही हा डबा राहील.”

“राहू दे की. चिकूखाली राहू दे. कोंबड्या बसतील.”

मुक्ता चहाचे कप घेऊन पायरीवर उभी होती. नवऱ्यासमोर नणंदेच्या विनोदाला हसावं की नाही, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिचं ठरलेलं नव्हतं. तिने कपात बघितलं आणि चहावर फुंकर घातली.

दर जानेवारीत या दोघी बायका जीप घेऊन निघत. वसुताईंनी सगळी नोकरी जंगलपट्टीतल्या शाळांवर काढली होती. निवृत्त झाल्यावर इतर शिक्षिका चारधामला गेल्या, यांनी जुनी जीप घेतली. मुक्ता डहाणू स्टेशनात तिकीट खिडकीवर. साऱ्या दुनियेला गावोगावी धाडायचं आणि आपण काचेमागे बसायचं, असं तिचं काम. पहिल्या वर्षी ताईंनी विचारलं, “येतेस?” आणि तिने घरी न विचारताच मान हलवली. तेव्हापासून रस्ता संपतो तिथून पुढे जायचं, तंबू ठोकायचा, चुलीवर भात टाकायचा, हे दोघींचं व्रत झालं होतं. उद्यापन न होणारं.

गेल्या वर्षी मात्र सातपुड्यात, नर्मदेच्या अलीकडे, सकाळी ताईंना तंबूतून उठताच येईना. पाठ धरली होती. मुक्ताने त्यांना चटईसारखं गुंडाळत, ढकलत कसंबसं जीपमध्ये घातलं. ज्या माळावरून नदी दिसते म्हणून निघाल्या होत्या, तो एका खिंडीपलीकडे राहिला. डॉक्टरांनी पुढे स्पष्टच सांगितलं: जमिनीवर झोपणं बंद.

तेव्हापासून शांताराम झाईच्या घराच्या अंगणात हा डबा बांधत होता. रेल्वेत आयुष्यभर डब्यांची दुरुस्ती केलेला माणूस. डोक्यावर पंखा नसेल तर झोप नाही, म्हणून स्वतः कधी कुठे गेला नाही. पण बहिणीसाठी तलासरीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगवाल्याच्या डोक्यावर बसून त्याने एकेक सांधा करून घेतला होता.

“रस्ता बघितलायस का तू खिंडीचा?” ताई म्हणाल्या. “एका अंगाला कडा, एका अंगाला दरी. समोरून कोणी आलं तर हे बिऱ्हाड घेऊन मागे कशी येऊ? रेल्वेत तुझं बरं असतं, मागे आलं तरी खाली रूळ.”

“मग तंबूत झोपणार?”

“नाही झोपणार. नाही जाणार.”

हे त्या अगदी सहज म्हणाल्या. मुक्ताने हातातले कप पायरीवर ठेवले. बिऱ्हाड जोडलं तर त्या वाटा बंद, नाही जोडलं तर जाणंच बंद. दोन्ही बाजू खऱ्या होत्या.

“एक फेरी मारून बघू,” मुक्ता म्हणाली. “गंजाडच्या पुढून आत शिरू, कच्च्या वाटेने तलासरीच्या अंगाला निघू. नाहीच जमलं तर कोंबड्या आहेतच.”

ताईंनी तिच्याकडे बघितलं. हसल्या नाहीत, पण किल्ली घ्यायला आत गेल्या.

शांतारामने कपलिंग जोडलं, साखळी अडकवली, हलवून बघितली, पुन्हा हलवून बघितली. मग मुक्ताजवळ येऊन हळूच म्हणाला,

“ताई मागे बघत नाही. तू बघ.”

मुक्ताला ते कौतुक वाटलं. ताई खरंच मागे बघणाऱ्यांतल्या नव्हत्या.

गंजाड मागे पडलं, डांबर सुटलं, आणि मुक्ता नेहमीसारखी ताईंचे हात बघू लागली. दूध उतू जायच्या आधी बाईचा हात जसा आपोआप गॅसकडे जातो, तसा चढ दिसायच्या आधीच ताईंचा हात गिअरवर गेलेला असे. खड्डा आला की त्या ब्रेकवर नाचत नसत. गाडीला आधीच समजावून ठेवल्यासारखी ती हळू होई, एक चाक उतरवी, दुसरं उतरवी, आणि बाहेर येई. आज मागे तो डबाही तसाच, एकेक चाक उतरवत, शहाण्या वासरासारखा येत होता.

“चालतोय की,” मुक्ता म्हणाली.

“पुढे सगळेच चालतात,” ताई म्हणाल्या.

भाताची शेतं कापून झाली होती. खाचरांत म्हशी होत्या. वाट उत्तरेला वळली आणि अरुंद झाली. उजवीकडे डोंगराचं बूड, डावीकडे ओहोळ, खाली बराच खोल, तळाशी पाणी कमी आणि दगड जास्त. आणि वळणावर समोरून गवत आलं.

म्हणजे आधी गवतच दिसलं. वाटेभर रुंद, सुकं, सोनेरी, डुलत येणारं. त्याच्या खाली कुठेतरी ट्रॅक्टर होता आणि वर, हत्तीवर बसावं तशी, एक बाई बसली होती.

“घरालाच चाकां लावली काय गं बाई?” ती वरून ओरडली.

वसुताईंनी डोळे बारीक केले. “नवशी ना गं तू? चौथीतून पळालेली?”

“पळाली नाय, लगीन झालं!”

“तेच ते.”

खाली ट्रॅक्टरवर नवशीचा नवरा लक्ष्या कसनुसं हसला. भरलेली गाडी मागे जात नाही, रिकामीने वाट द्यायची, हे इथे कोणी कोणाला सांगत नाही. जीप रिकामीच म्हणायची. मागच्या डब्यात दोन उशा आणि एक पाण्याचा कॅन होता.

मुक्ता उतरली. मागे, चिंचेपाशी, वाट थोडी रुंद होती. तिथवर जायचं. फार लांब नव्हतं, पण ओहोळाच्या कडेची माती पावसात ढासळलेली होती. ती डब्याच्या मागे जाऊन डब्याकडे तोंड करून उभी राहिली आणि हात हलवला.

“येऊ दे, येऊ दे!”

डबा आला. थोडा सरळ आला आणि मग, कोणी बोलावल्यासारखा, ओहोळाकडे तिरपा व्हायला लागला.

“उजवीकडे, ताई! उजवीकडे!”

ताईंनी स्टिअरिंग उजवीकडे घेतलं. डबा आणखीच डावीकडे गेला. मातीचं एक ढेकूळ सुटून खाली दगडावर फुटल्याचा आवाज आला.

“अहो, उजवीकडे म्हटलं!”

“उजवीकडेच घेतेय मी!”

“थांबा!”

सगळं थांबलं. मुक्ता धावत ड्रायव्हरच्या खिडकीपाशी आली आणि बोलायला उघडलेलं तोंड तिने तसंच मिटलं.

ताईंची नजर समोर होती. आरशांतही नाही, तिथे तसाही डब्याचा पत्राच दिसत होता. गाडी मागे घेणारा माणूस मान मोडेपर्यंत मागे वळतो, सीटच्या पाठीवर हात टाकतो. ताईंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि मान ताठ, फोटो काढायला बसल्यासारखी. कपाळावर घाम होता. मुक्ता आली हे कळलं तेव्हा त्यांनी मान नाही, अख्खे खांदे तिच्याकडे वळवले.

दिवाळीपासूनचं कितीतरी मुक्ताला एकदम दिसलं. हाक मारली की ताई भिंतीसारख्या सगळ्याच वळायच्या. जीप लावताना वाडीला अख्खा वळसा घालून तोंड बाहेर करूनच लावायच्या, मागे म्हणून घ्यायच्या नाहीत. आणि शांतारामचं ते वाक्य. ते कौतुक नव्हतं.

बिऱ्हाड कच्चं नव्हतंच.

“काय गं?” ताईंनी विचारलं. आवाज बाईंचा, वर्गातला. पण त्यात एक कोपरा रिकामा होता.

मुक्ताने खिडकीवर हात ठेवला. आणि मग, का कोण जाणे, तिला सासरचं स्वयंपाकघर आठवलं. ती नगरकडची, समुद्र कॅलेंडरवर बघितलेली. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी सासूबाई म्हणाल्या होत्या, “दर्याकडच्या फळीवरचा डबा दे,” आणि ती ओट्यापाशी खुळ्यासारखी उभी राहिली होती. या घरात डावं-उजवं नव्हतंच. दर्याकडची खिडकी, डोंगराकडचा खांब, जेवताना दर्याकडे सरक. सातपुड्यातसुद्धा ताई म्हणायच्या, “तंबूचं तोंड डोंगराकडे कर,” आणि ती म्हणायची, “ताई, इथे सगळीकडे डोंगरच आहेत!” मग ताई हात लांब करून दाखवायच्या, दर्या तिकडे. शेकडो मैलांवरूनही कधी चुकल्या नाहीत.

“ताई, डावं-उजवं सोडा,” मुक्ता म्हणाली. “शेपूट कुठे न्यायचं तेवढं मी सांगते. हात कुठे फिरवायचा ते तुमचं तुम्ही बघा.”

ताईंचे खांदे पुन्हा समोर झाले.

मुक्ता मागे गेली. “आधी जरा पुढे घ्या. हां. आता येऊ दे… शेपूट डोंगराकडे!”

स्टिअरिंग दर्याकडे, ओहोळाच्या अंगाला, फिरलं. डब्याने कडेची माती सोडली आणि तो डोंगराकडे वळला.

“येऊ दे… डोंगराकडे… बास. आता थोडं दर्याकडे. थोडं! सरळ… येऊ दे, येऊ दे…”

आता ती डब्याकडे बघतच नव्हती, जीपच्या पुढच्या चाकांकडे बघत होती. शब्द तोंडातून सुटायचा आणि चाकं वळायची, मध्ये एका श्वासाचंही अंतर नाही. ज्या बाईला मागचं काहीच दिसत नव्हतं ती नुसत्या ऐकण्यावर गाडी मागे आणत होती, आणि ती गाडी ओहोळाच्या काठाने, सुईत दोरा जावा तशी, मागे येत होती. इतक्या वर्षांत ताईंनी मुक्ताला रस्त्यावरचे दगड बाजूला करायला सांगितलं होतं, पाणी किती खोल ते बघायला सांगितलं होतं. असं सगळंच्या सगळं तिच्या हातात कधी दिलं नव्हतं.

“बास!”

डबा चिंचेखाली उभा राहिला. ट्रॅक्टर घरघरत पुढे आला, गवताच्या काड्या जीपच्या काचेवर घासत गेल्या. वरून नवशी वाकली.

“आम्हाला हात वर करून करून डावा-उजवा शिकवला, नि स्वतः काय गं बाई, दर्या नि डोंगर?”

“तुला तरी आला का डावा-उजवा?”

“नाय आला!” नवशी हसत म्हणाली. “म्हणून तर गवतावर बसते, गाडी हा चालवतो.”

गवत गेलं. वाट पुन्हा मोकळी झाली, पण ताईंनी गाडी सुरू केली नाही. त्या उतरल्या, डब्याच्या मागे आल्या. दाराशी शांतारामने एक लोखंडी पायरी केली होती, नेहमीपेक्षा ठेंगणी. बाजूला धरायला दांडी, आणि दांडीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली, हाताला गार लागू नये म्हणून. ताईंनी ती ट्यूब बोटाने चाचपली.

“येडा आहे,” त्या म्हणाल्या. दांडी धरून वर चढल्या आणि गादीवर बसल्या. जरा हलून बघितलं.

मुक्ता पदराने घाम पुसत दारात उभी राहिली. मानेबद्दल विचारायचं नाही हे तिने ठरवलं होतं. विचारण्यासारखं आता काही उरलंही नव्हतं.

“त्या माळावर,” ताई म्हणाल्या, “नदीवर. डबा कसा लावायचा?”

“तोंड नदीकडे. सकाळी दार उघडलं की नर्मदा.”

ताईंनी विचार केला. मग मान न हलवता हात खांद्यावरून मागे नेला आणि बोट दाखवलं, तिकडे, चिंचेच्या पलीकडे, जिथे इथून काही दिसत नव्हतं.

“म्हणजे दर्या या अंगाला येईल.”

त्यांनी आपली उशी उचलून त्या कडेला ठेवली आणि वर हात फिरवून तिच्या सुरकुत्या काढल्या.

मुक्ताचा फोन वाजला. शांताराम. सकाळपासून अंगणात फेऱ्या घालत असणार.

“काय ठरलं? जोडायचा की नाही डबा?”

मुक्ताने आत बघितलं.

“ताईंनी दर्याकडची जागा धरली,” ती म्हणाली.

पलीकडून शांताराम म्हणाला,

“म्हणजे तू डोंगराकडे.”