फाट्यावरचा रडका क्रूस

भादव्यातल्या त्या रविवारी कळंबच्या अलीकडच्या फाट्यावर बैलगाड्या सोडायला जागा उरली नव्हती. एरवी तिथल्या चर्चमध्ये, म्हणजे कौलारू छपराच्या एका खोलीत, बावीस माणसं आणि एक शेळी एवढीच मंडळी जमायची. आता गावातली, तांड्यावरची, पार यवतमाळहून मोटारीनं आलेली माणसं दारात रेटारेटी करत होती. कारण एकच. भिंतीवरचा लाकडी क्रूस रडत होता.

थापा नाहीत, खरंच रडत होता. आडव्या दांड्याखाली थेंब धरायचा, टपोरा व्हायचा आणि टपकन पितळी वाटीत पडायचा. पहिल्याच दिवशी कुणीतरी बोट लावून चाखलं. खारट लागलं. मग काय विचारता, खारट म्हणजे आसवंच.

"प्रियजनहो," प्रचारक दीनानाथ दोन्ही हात वर करून सांगत, "जगाचं पाप पाहून प्रभूचं काळीज फाटलं आहे. या आसवांनी खरूज जाते, ताप उतरतो, आटलेली म्हैस दूध देते. मात्र विश्वास पाहिजे. विश्वास राईएवढा कमी पडला, की गुण नाही."

म्हणजे गुण आला तर आसवांचा आणि नाही आला तर तुमचा दोष. मोठी छान सोय होती. पहिल्या आठवड्यात लोकांनी नारळ आणले तेव्हा "ही मूर्तिपूजा झाली" म्हणून दीनानाथ कडाडले. दुसऱ्या आठवड्यात नारळांसाठी टोपली त्यांनीच आणली.

वाटीजवळ पांढरी साडी नेसून उभी असायची ती रत्नप्रभा, अनंत सुताराची नववीतली मुलगी. कापसाची वात वाटीत बुडवायची आणि एकेकाच्या हातावर ठेवायची. अध्यायच्या अध्याय तिला तोंडपाठ. उन्हाळ्यापर्यंत ती मागच्या रांगेत मान खाली घालून बसायची, आता शेदोनशे माणसं तिच्या हाताकडे डोळे लावून उभी राहत. बाया तिला देवाची पोरगी म्हणत. रत्नाला ते इतकं गोड लागत होतं की नाताळापर्यंत ती वाती बुडवत उभी राहिली असती.

पण तिला एक गोष्ट ठाऊक होती. क्रूसाचं सागवान नवं नव्हतं. किराणा दुकानातली मिठाची जुनी पेटी मोडली, तिच्या फळ्या दीनानाथांनी फुकट आणल्या होत्या. रंधा मारतानाच अनंत म्हणाला होता, "दीनानाथजी, हे लाकूड तीस वर्स मीठ पेऊन बसलं हाय. पावसाळ्यात पाझरन."

क्रूस पाझरला त्याच दिवशी दीनानाथ घरी आले. "अनंता, लाकूड कुठलं ते बोलू नको. चर्च भरून राह्यलं, हे का कमी हाय?"

उरलेल्या फळीचा अनंतानं जेवायचा पाट केला होता. तोही पाझरत होता. जेवून उठलं की अनंताचं धोतर मागून ओलं, आणि रत्नाची आई पदर तोंडाला लावून हसायची. त्या पाटापुढे मात्र कुणी नारळ ठेवला नाही.

त्या रविवारी सकाळी रांगेत रामीबाई उभी होती. तांड्यावरची म्हातारी, कडेवर पाच वर्षांची नात नंदा. पोरीचा डावा डोळा लालभडक, पापण्या चिकटलेल्या.

"बेटी, दोन आठवडे झाले, आसवं घालून राह्यली. काहून फरक पडत नाही?"

"दवाखान्यात दाखवलं?"

"कौसल्या सिस्टर म्हने रोज आन. पन हे दीनानाथ बाबाजी म्हनते, औषध घेतलं का विश्वास तुटते."

कौसल्या सिस्टर सरकारी दवाखान्यातली नर्स. तीही ख्रिस्तीच, पण रविवार बाजाराचा दिवस, पेशंटांची गर्दी, म्हणून ती प्रार्थनेला यायची नाही. दीनानाथ भर चर्चमध्ये तिला "थंड पडलेली" म्हणाले, तेव्हा रत्नाही खुदकन हसली होती.

रत्नानं वाकून पाहिलं. बुबुळावर पांढरा ठिपका होता.

"रत्ना, रांग थांबली," दीनानाथ म्हणाले.

आणि रत्नानं वात दिली. "प्रभू बरं करेल," असंही म्हणाली. रामीबाईनं वात डोळ्यात पिळली तशी नंदा किंचाळून आजीच्या मानेला चिकटली.

घरी रत्ना जेवायला बसली. समोर अनंत पाटावर बसला होता.

"बाबा, तुमी काहून नाही सांगितलं लोकायले?"

अनंतानं भात कालवता कालवता वर पाहिलं. "तू काहून नाही सांगितलं?"

दुपारच्या प्रार्थनेला रत्ना गर्दीतून वाट काढत आली ती काखेत पाट घेऊन. तिनं तो वाटीशेजारी उभा टेकवला. फळीच्या कडेला थेंब लोंबत होते.

"हा आमच्या घरचा पाट," ती म्हणाली. "बाबा याच्यावर बसून जेवतात. हाबी रडते. याले कोनाचं पाप दिसलं?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"पोरीला सैतानानं गाठलं," दीनानाथ पुढे झाले. "उचल तो पाट."

"दोन्ही एकाच मिठाच्या पेटीच्या फळ्या हायेत. दमट हवेतलं पानी मीठ वढून घेते. तुमच्या घरचं मिठाचं मडकं काय करून राह्यलं सध्या? तेबी वलंच असन. क्रूस दोन दिवस चुलीजवळ ठेवा, रडनं बंद होते का नाही पाहा."

रामीबाई पुढे आली. तिनं पाटावर बोट फिरवलं, जिभेला लावलं, मग क्रूसावरून फिरवलं, पुन्हा जिभेला लावलं.

"हे तं मिठाचं लाकूड," ती हळू म्हणाली. "माह्या आज्यानं बैलायवर मीठ वाह्यलं. पावसाळ्यात गोन्या अशाच रडे, आमी खाली परात ठेवो. मले समजाले पायजे होतं. पन देवाच्या घरी कोन मिठाचा इचार करते?" मग तिनं रत्नाकडे पाहिलं. "तुले माहीत होतं?"

"हो."

"सकाळी वात देल्ली, तवाबी?"

"हो."

रामीबाईनं नंदाला कडेवरून खाली उतरवलं. तिनं कानाखाली वाजवली असती तर रत्नाला बरं वाटलं असतं.

रत्नानं नंदाला उचललं आणि पांढऱ्या साडीचा ओचा खोचून ती दवाखान्याकडे धावली. कौसल्या सिस्टरनं कुणाचा विश्वास किती ते विचारलं नाही. हात धुतले, म्हणाली, "डोकं घट्ट धर, हलू देऊ नको." संध्याकाळच्या मोटारीनं नंदा, रत्ना आणि मागोमाग आलेली रामीबाई, अशा तिघींना घेऊन ती स्वतः यवतमाळला गेली.

डोळा राहिला, पण बुबुळावर पांढरं फूल पडलं; त्या डाव्या डोळ्यानं नीट दिसेना. दोन आठवडे आधी आणली असती तर पडलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

वाचकहो, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी हात लावून पाहा. थेंब कुठून आला, लाकूड कुठलं, हे विचारल्यानं कुठलाही देव रागावत नाही. डोळा दुखला तर दवाखान्यात जा. आणि खरं ठाऊक असूनही गप्प बसणारा फसवणाऱ्याच्या रांगेतच उभा असतो, त्याला कितीही अध्याय पाठ असोत.

रत्ना आता रविवारी दवाखान्यात पट्ट्या उकळते. नंदा कधी आजीबरोबर येते, बाकावर शेजारी बसते. परवा ती म्हणाली, "ताई, तू वात देल्ली ना, तवा लय झोंबलं होतं."

"तू लहान आहेस, विसरशील," असं म्हणता आलं असतं. रत्ना म्हणाली, "हो. माही चूक होती." आणि नंदाला नीट दिसावं म्हणून उठून तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसली.