राघवाची गाठ

विजयराघव माझा धाकटा भाऊ. आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात टंकलेखक होता, कुंभकोणमहून रोज बसनं जायचा. लग्नाला सात वर्षं होऊनही मूल नव्हतं. तपासण्या सगळ्या त्याच्या बायकोच्या, अलमेलूच्या झाल्या. नवसही तिनंच केले. दर मंगळवारी ती उपाशीपोटी स्वामीमलैच्या देवळाच्या पायऱ्या चढायची.

मी मद्रासला एका प्रयोगशाळेत होते. उंदरांच्या वृषणात बनणाऱ्या एका प्रथिनावर माझं काम. ते कमी पडलं की शुक्राणू धड तयार होत नाहीत, आणि काही कर्करोगांच्या गाठींत मात्र तेच प्रथिन भलत्या जागी सापडतं. घरी कोणी विचारलं की मी सांगायची, "रक्त तपासते." आईसमोर, भावासमोर 'वृषण' हा शब्द तोंडातून निघत नसे.

१९९२च्या पोंगलला घरी गेले, तर राघव कंबर धरून चालत होता. खोकतही होता. अलमेलूनं मला परसात ओढलं.

"अक्का, त्यांना गाठ आहे. तिथं, खाली. दीड वर्ष झालं. मला शपथ घातली होती."

मी तशीच आत गेले. "मला का नाही सांगितलंस रे?"

"तू अक्का," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "तुला कसं सांगू?"

"अरे, माझं कामच ते आहे. उंदरांची वृषणं रोज तपासते मी."

त्यानं मान वळवली. "मग तू तरी का नाही सांगितलंस?"

मी त्याची मद्रासला न्यायची पिशवी भरायला घेतली.

मद्रासला शस्त्रक्रिया झाली, पण रोग फुप्फुसांत गेला होता. "वेळेवर आले असते तर बहुतेक वाचले असते," डॉक्टर म्हणाले. मूल न होण्याचं कारणही त्याच्यातच असावं, असं त्यांचं मत पडलं.

राघवानं अलमेलूचा हात धरला. "उगाच चढलीस गं त्या पायऱ्या."

"असू दे," ती म्हणाली. "तुम्ही दोन घास खा."

ऑगस्टमध्ये तो गेला. तेराव्याला आत्या म्हणाली, "हिच्या पोटी एक तरी झालं असतं!"

"आत्या, दोष तिच्यात नव्हता. राघवाला वृषणाचा कर्करोग होता."

आई उठून स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी अलमेलू तिरुनीलक्कुडीला भावाकडे गेली. निघताना एवढंच म्हणाली, "अक्का, त्यांनी मला शपथ घातली होती, ते चारचौघांत बोलायचं नव्हतं." मी तिला तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही.