एर्मेसचा वाडगा

फेस वाडग्याच्या काठावरून उतरला, टेबलावर पसरला आणि माझ्या सपातांवर टपटप गळायला लागला, तरी आतून वर येतच होता. चमचा दातांत धरून मी दोन्ही हातांनी फडकं शोधत होते. नाताळची सकाळ, शेगडीवर कोंबड्याचं सूप रटरटतंय आणि टेबलावर हा जांभळा पूर.

"आई, हे काय चाललंय?" मोरेना दारात उभी होती. माझी मुलगी. आदल्या संध्याकाळीच नवऱ्याला घेऊन सासरहून आली होती.

"काही नाही. वाइन घट्ट करून बघत होते."

तिने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. डबा इस्पितळातून दिलेल्या पावडरीचा. सप्टेंबरात एर्मेसला, माझ्या नवऱ्याला, झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलणं चार-दोन शब्दांवर आलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गिळणं बिघडलं. पातळ काही घशात गेलं की ते वाट चुकून फुप्फुसात उतरतं. म्हणून पाणी, कॉफी, दूध, सगळ्यात ही पावडर ढवळायची आणि खळीसारखं झालं की चमच्याने भरवायचं. पाण्यात ती गुमान विरघळते. पण आमची लांब्रुस्को वाइन पडली फेसाळ. तिच्यात पावडर टाकली आणि तिच्या अंगातच आलं.

"तू मला शब्द दिला होतास," मोरेना म्हणाली.

दिला होता, खोटं कशाला बोलू? ऑक्टोबरात एर्मेसने रात्री न्हाणीघरात जाऊन नळाला तोंड लावलं होतं. तहान लागली होती बिचाऱ्याला, खरं पाणी हवं होतं. त्यानंतर न्यूमोनिया झाला आणि पानगळ संपेपर्यंत तो इस्पितळात होता. डॉक्टरांनी मोरेनाला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा असं झालं तर धडगत नाही. तेव्हापासून सूप, पाणी, वाइन यातलं काहीही पातळ त्याच्या तोंडाला लागणार नाही, असं तिने माझ्याकडून वदवून घेतलं होतं.

"म्हणून तर घट्ट करत होते," मी म्हणाले आणि टेबल पुसायला घेतलं.

एर्मेसने सगळं आयुष्य कालव्यावरच्या पंपघरात काढलं. आमची जमीन नदीपेक्षा खोल. पावसाचं पाणी आपणहून नदीला जात नाही, पंपाने उचलून टाकावं लागतं. पंप थांबले तर बीट, मका आणि आमचे पलंग, सगळं एका रांगेत तरंगेल. मी नवी नवरी असताना त्याचा डबा घेऊन तिथे जायची. तो दाबाच्या काट्याकडे बघायचाच नाही. जाड पाइपावर तळहात ठेवून डोळे मिटायचा. आतून पाणी चढायला लागलं की एकदाच मान हलवायचा आणि म्हणायचा, "चाललंय." घरी आल्यावरही तेच. आज काय झालं, मोटर जळली का, कोण रागावलं, सगळ्याला उत्तर एकच, "चाललंय." मी कितीदा म्हटलं असेल, तुझ्याशी संसार करण्यापेक्षा पाइपाशी केला असता तर दोन शब्द जास्त ऐकले असते.

आणि ज्याने अख्ख्या गावाचं पाणी वर उचललं, त्याला आता घोटभर पाणी खाली उतरवता येईना. मला याचा संताप येतो. कोणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून भांड्यांवर निघतो.

सप्टेंबरपासून आमच्या घरात कोणी स्वस्थ बसलेलं नाही. तो काठी टेकत खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत जातो. पाऊस असला तर खिडकीशीच उभा राहतो आणि कालवा किती चढला ते बघतो. मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते आणि कशाला आले ते विसरते. जेवायला तो आमच्यात बसत नाही. खोलीचं दार लावून घेतो आणि मी आत भरवते. हनुवटीवरून ओघळलेलं कोणी पाहिलेलं त्याला खपत नाही, अगदी पोटच्या मुलीनेही.

पण नाताळच्या दुपारचं काय करायचं, हा घोर मला महिनाभर लागला होता.

आमच्याकडे त्या दिवशी टेबलावर बसण्याआधी सगळे चुलाण्यापाशी, विस्तवाकडे पाठ करून उभे राहतात. प्रत्येकाच्या हातात पांढरा वाडगा. वाडग्यात आन्योली, म्हणजे पोटात मांस भरलेल्या कणकेच्या नखाएवढ्या पुड्या, आणि वर उकळतं सूप. मग घरातला कर्ता बाटली उघडतो आणि आधी स्वतःच्या वाडग्यात लांब्रुस्को ओततो. ती सूपात सळसळते, चरबीचे डोळे फुटतात, रंग बिटासारखा होतो. कर्त्याने पहिला घोट घेतला की मग बाटली फिरते. त्याच्याआधी कोणी वाडगा उचलत नाही. परक्या माणसाला सांगितलं तर तो नाक मुरडतो, सूपात कोणी वाइन ओततं का म्हणून. ओतून बघ म्हणावं. कोंबड्याची चरबी, डुकराचं मांस, चीज, एवढं सगळं जिभेवर बसतं, ते उठवायला अशीच हलकी, आंबटसर, थोडी कडवट वाइन लागते. मोरेनाच्या सासरी सरोवराकाठी याहून फिकट लाल पितात, गार करून, तळलेल्या माशाबरोबर. माशाला ती बरी. आमच्या डुकरापुढे ती अंग धुतल्याच्या पाण्यासारखी लागते, आणि हे मी जावयाच्या तोंडावर सांगितलेलं आहे. तो हसतो. भला माणूस आहे.

सासरे गेले त्या वर्षी एर्मेस पहिल्यांदा कर्ता झाला, आणि नेमका त्याच नाताळाला पाऊस कोसळला. पंपाच्या जाळीत झाडाचा बुंधा अडकला. सकाळी गेलेला माणूस अंधार पडायला आला तरी परतला नाही. सासूबाई, त्यांच्या दोन बहिणी, धाकटा दीर आफ्रो, सगळे वाडगे धरून ताटकळले. सूप मी किती वेळा तापवलं त्याला गणती नाही. पोटात कावळे ओरडत होते, मावशीबाई माझ्या सूपाला नावं ठेवत होत्या, पण वाडगा कोणी तोंडाला लावला नाही. शेवटी तो आला, कमरेपर्यंत चिखलात. म्हणाला, "चाललंय." एकच हात धुतला आणि ओतली. त्या घोटाची चव आफ्रो अजून सांगतो.

मला नाही सांगता येत. माझा वाडगा कधी गरम नव्हताच. सूप उकळत असताना आन्योली कोण सोडणार, वाडगे कोण भरणार? बायकांना बंदी नव्हती, फक्त वेळ नव्हता. माझी पाळी येईपर्यंत वर साय धरलेली असायची. मी ते गार सूप शेगडीपाशी उभ्या उभ्या पिऊन टाकायची आणि मांस उकडलं का ते बघायची.

तर फेस पुसून झाला आणि मोरेना हळूच म्हणाली, "या वर्षी काकाला ओतू दे ना. बाबा खोलीत असतील तेवढ्यात उरकून टाकू. त्यांना कळणारही नाही."

"भिंतीपलीकडे आहे तो. बहिरा झालेला नाही."

"मग तूच सांग काय करायचं. हातात वाडगा आल्यावर ते प्यायल्याशिवाय राहतील?"

तिचं चुकत नव्हतं, तेच तर मला झोंबत होतं. पण मला एवढं कळत होतं की आज आफ्रोने बाटली उघडली की एर्मेस ती पुन्हा कधी हातात घेणार नाही. मग तो त्या खोलीतून बाहेरच येणार नाही. चालता-फिरता माणूस जिवंतपणी बाजूला ठेवल्यासारखा होईल.

मी इस्त्रीचा शर्ट घेऊन त्याच्या खोलीत गेले. तो खिडकीशी होता.

"घाल हा. सगळे जमतायत."

"खळ नको," तो म्हणाला. झटक्यानंतर त्याचे शब्द चिखलातून बूट काढावा तसे निघतात.

"खळ नाही देत. ओतायला ये."

"आफ्रो."

"आफ्रोने ओतली तर अर्धी छताला लागेल. तुला माहीत आहे."

तो हसला नाही. कालव्याकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "लोक थांबतात. प्यायची." मला कळलं. कर्त्याने पहिला घोट घ्यायचा, आणि त्याला तो घेता येणार नाही. नुसतं ओतून सगळ्यांसमोर कोरड्या तोंडाने उभं कसं राहायचं? मी शर्ट पलंगावर टाकला, बटणं लावायला थांबले नाही आणि बाहेर आले. डोळ्यांत पाणी आलं होतं. ते त्याला दाखवून काय उपयोग होता?

आफ्रो आला तो काखेत बाटली मारून. मोठी, काळी, कित्येक वर्षं मुरवलेली भारी वाइन. ही सूपात ओतलीस तर सूपाचं औषध होईल, रानडुक्कर शिजवलं की आण, असं सांगून मी ती कपाटात ठेवून दिली. एरवी तो यावर तासभर भांडला असता. आज नुसतं विचारलं, "येणार आहे का तो?" मी म्हटलं, माहीत नाही. त्याचाही चेहरा पडला.

वेळ झाली. आन्योली वर तरंगल्या. मी वाडगे भरले आणि मोरेनाने नेऊन दिले. एर्मेसचा वाडगाही भरला आणि चुलाण्याच्या फळीवर, त्याच्या जागी ठेवला. मोरेनाने माझ्याकडे रोखून पाहिलं. सगळे विस्तवाकडे पाठ करून उभे राहिले. वाफ कमी व्हायला लागली. आफ्रोने शेवटी बाटली उचलली, दोन वेळा खाली ठेवली, तिसऱ्यांदा बुचाला हात घातला.

तेवढ्यात काठी वाजली.

शर्टाची बटणं एक घर चुकून लागली होती. डाव्या हाताने कितीशी जमणार? तो फरशीवरून हळूहळू आला, काठी जावयाच्या हातात दिली आणि आफ्रोपुढे पंजा पसरला. आफ्रोने बूच काढून बाटली त्याला दिली. एर्मेसने फळीवरच्या वाडग्यात ओतली. थोडी फळीवर सांडली. सूप सळसळलं. त्याने बाटली ठेवली आणि वाडगा उचलला.

"बाबा, नको," मोरेना म्हणाली.

त्याने वाडगा नाकाशी नेला. चष्मा वाफेने पांढरा झाला. मी शेगडीपाशी झारा घेऊन उभी होते, दुसऱ्या खेपेच्या आन्योली सोडलेल्या होत्या. किती वेळ तो तसाच वास घेत होता कोण जाणे. ओठ काठापासून बोटभर होते.

मग त्याने वाडगा खाली घेतला. "झेलिंदा."

"आन्योली उकळतायत, एर्मेस."

"इकडे ये."

मी गेले. झारा हातातच होता, तो मोरेनाने काढून घेतला. त्याने वाडगा माझ्या हातात ठेवला. चटका बसला, इतका गरम होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"घे," तो म्हणाला.

मी वाडगा तोंडाला लावला. त्याने डावा हात वर केला. मला वाटलं, माझा खांदा धरतोय. त्याने तळहात माझ्या गळ्यावर ठेवला, सगळ्यांसमोर, आणि डोळे मिटले. मी घोट घेतला. गरम, आंबट, बुडबुडे नाकात चढले आणि ते सगळं त्याच्या हाताखालून खाली गेलं.

त्याने एकदाच मान हलवली.

"चाललंय," तो म्हणाला, आणि बाटली आफ्रोकडे सरकवली.